पेट्रोलियम की पेट्रोकेमिकल?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेण आणि रोहा यांच्या मधे नागोठणे लागते. तेथील पेट्रोरसायन संकुल पाहत वाढलेल्या विद्यार्थ्यांना बारावीनंतर 'पेट्रोलियम'चा विचार सुचणे साहजिक आहे. परंतु पेट्रोलियम आणि पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी या दोन वेगळ्या शाखा आहेत. नावातील साम्यामुळे फसगत झाल्यास चार वर्षांची दिशाच चुकते.

विहिरीपासून कारखान्यापर्यंत

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात असलेल्या बॉम्बे हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील वायू समुद्रतळावरील वाहिनीने उरणला येतो. त्यातून वेगळे केलेले इथेन व प्रोपेन नागोठण्यास जातात. संकुलात वाफेसह प्रखर उष्णता देऊन त्यांच्या रेणूंचे विघटन केले जाते आणि मिळालेल्या इथिलीन व प्रॉपिलीनपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार होतो. आयपीसीएलने उभारलेले हे संकुल आज रिलायन्सकडे आहे.

या साखळीचा समुद्रातील भाग पेट्रोलियम अभियंत्याचा. विहीर खोदणे, खडकातील साठ्याचा अंदाज बांधणे आणि उत्पादन टिकवणे ही त्याची कामे. खडकातील सर्व तेल आपोआप वर येत नाही. दाब टिकवण्यासाठी बॉम्बे हायमध्ये पाणी सोडावे लागते. कारखान्यातील प्रक्रिया मात्र पेट्रोकेमिकल किंवा केमिकल अभियंता सांभाळतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यांतही याच ज्ञानाला मागणी असते.

शिक्षणाच्या सोयी

पेट्रोकेमिकलसाठी घर फार दूर सोडावे लागत नाही. रायगड जिल्ह्यातच, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात ही शाखा आहे. दहावीनंतर पदविका घेणाऱ्यांना पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पेट्रोलियम अभियांत्रिकीसाठी पुण्यातील एमआयटी, धनबादची आयआयटी (आयएसएम) आणि उत्तर प्रदेशातील राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्था ही प्रमुख नावे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित आवश्यक असून प्रवेश परीक्षा संस्थेनुसार बदलते. सार्वजनिक तेल कंपन्यांतील भरतीसाठी 'गेट'चे गुण उपयोगी पडतात. या परीक्षेत पेट्रोलियम अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते.

दुसरी बाजू

सागरी नोकरीत वेतन चांगले असले, तरी साधारणतः दोन आठवडे समुद्रात व दोन आठवडे घरी असा क्रम असतो. धोकाही असतो. जुलै २००५ मध्ये बॉम्बे हायच्या उत्तर क्षेत्रातील आगीत २२ जणांचा बळी गेला. शिवाय तेलाचे भाव कोसळले की भरती आटते, हे २०१४ नंतर व पुन्हा २०२० मध्ये दिसून आले. पेट्रोलियमचा पदवीधर मुख्यतः एकाच उद्योगावर अवलंबून असतो. केमिकल व पेट्रोकेमिकलच्या पदवीधरास औषधे, खते, रंग अशा इतर क्षेत्रांतही वाट काढता येते.

भूगर्भाचे कुतूहल आणि घरापासून दूर राहण्याची तयारी असेल, तर पेट्रोलियम शाखा अवश्य निवडावी. नागोठणे वा धाटावमध्येच काम करायचे असेल, तर प्रवेश अर्जात पसंतिक्रम भरताना केमिकल किंवा पेट्रोकेमिकलला वरचे स्थान द्यावे.