दसरा काढताना: लिंबू कुठे, सोडा कुठे आणि काय कधीच एकत्र करू नये?

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर तामलवाडी हे गाव आहे. शारदीय नवरात्र आणि कोजागिरी पौर्णिमेच्या सुमारास तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी जाणारे हजारो भाविक याच रस्त्याने जातात. त्याआधी, घट बसण्यापूर्वी, या भागातल्या घराघरांत 'दसरा काढला' जातो. अंथरूण-पांघरुणापासून माळ्यावरच्या डब्यांपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू धुऊन-पुसून निघते.

या काळात मोबाइलवर घरगुती सफाईचे व्हिडिओही भरपूर फिरतात. बहुतेकांत लिंबू, सोडा, मीठ, व्हिनेगर असे सगळे एकत्र करून फेस आणलेला दाखवतात. हे जिन्नस उपयोगी आहेत आणि स्वस्तही आहेत. मात्र डाग कशाचा आहे हे ओळखून त्यावर योग्य जिन्नस वापरला, तरच पैसे वाचतात.

पांढरा थर कशामुळे येतो?

मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या खडकावर वसला आहे. या खडकातून झिरपलेल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. जड पाणी तापवले किंवा वाळले की त्यातला चुना मागे उरतो. नळ, बादली, गिझर आणि बाथरूमच्या टाइल्सवर दिसणारा पांढरा खरखरीत थर तोच असतो.

आंबट पदार्थ: चुन्याच्या थरासाठी

हा थर साबणाने निघत नाही. तो आम्लात विरघळतो. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टरिक आम्ल आणि व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असते.

- नळाची तोटी: लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग जुन्या ब्रशने घासावे.
- बादली, मग, टाइल्स: किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन चमचे घेऊन एक लिटर कोमट पाण्यात विरघळवावे. ते लावून पंधरा-वीस मिनिटांनी घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे.
- काळा पडलेला ॲल्युमिनियमचा कुकर: पाण्यात चिंच किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली टाकून, झाकण न लावता दहा मिनिटे उकळावे.
- देवघरातली तांब्या-पितळेची भांडी: चिंच आणि मिठाने घासावीत. लगेच धुऊन कोरडी करावीत, नाहीतर पुन्हा डाग पडतात.

सोडा: तेलकट थरासाठी

स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा, पंख्यावरचा आणि समईवरचा चिकट थर तेलाचा असतो. त्यावर आम्लाचा फारसा उपयोग होत नाही, तिथे सोडा लागतो. खाण्याचा सोडा सौम्य असतो, धुण्याचा सोडा त्याहून तीव्र. गरम पाण्यात एक-दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडी साबणपूड घातली की चिकटा सैल होतो. हातात रबरी मोजे असावेत. तेल जास्त साचले असेल तर आधी ज्वारीचे जुने पीठ किंवा चाळलेली राख भुरभुरून पुसून घ्यावे. पीठ तेल शोषून घेते आणि पुढचे काम कमी होते.

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नये, ती काळी पडतात. रेशमी आणि लोकरी कपड्यांनाही तो चालत नाही.

सोड्याचा आणखी एक उपयोग आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण बराचसा साबण पाण्यातल्या क्षारांशीच खर्ची पडतो. गोधड्या-चादरी भिजवण्याआधी बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटे थांबावे. क्षार बाजूला पडतात आणि साबण कमी लागतो.

लिंबू आणि सोडा एकत्र केले तर?

फेस येतो, पण ताकद जाते. आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात. फेस म्हणजे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू. मागे उरते ते जवळपास खारे पाणी. मोरीच्या जाळीत त्या फेसाने थोडा कचरा हलेल, पण डागावर दोन्हींचा उपयोग वाया जातो. दोन्ही लागणार असतील तर आधी सोड्याने तेल काढावे, स्वच्छ धुवावे आणि नंतर आंबट लावावे.

शहाबादी फरशीवर आंबट लावू नये

धाराशिव-सोलापूर भागातल्या अनेक घरांत शहाबादी फरशी असते. ती चुनखडीचा दगड आहे, म्हणजे नळावरच्या थरासारखाच चुना. संगमरवरही त्याच जातीचा. लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातले ॲसिड तो थर विरघळवते, तसेच फरशीही खाते. फरशीची चमक जाते, ती खडबडीत होते आणि नंतर जास्तच मळते. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले किंवा जागा फिकी पडली, तर त्या फरशीला फक्त साबणाचे पाणी वापरावे.

जीवावर बेतणारी चूक

लिंबू-सोड्याची चूक झाली तर फक्त मेहनत वाया जाते. पुढची चूक मात्र जिवाशी खेळ आहे. ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच कोणत्याही आम्लात मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. ते आम्ल संडास साफ करण्याचे ॲसिड असो, व्हिनेगर असो की लिंबूसत्त्व. ब्लीच आणि अमोनिया असलेले क्लीनर एकत्र आले तरी घातक वायू निघतात. लहानशा बंद संडासात किंवा न्हाणीघरात तो वायू काही क्षणांत डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करतो.

- एका वेळी एकच रसायन वापरावे. भरपूर पाणी ओतून झाल्याशिवाय दुसरे वापरू नये.
- दार-खिडकी उघडी ठेवावी.
- ॲसिड कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. मुले फसतात.
- उग्र वास येऊन खोकला सुरू झाला तर सगळे तिथेच सोडून मोकळ्या हवेत जावे. श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

घरगुती उपायांची मर्यादा

लिंबू, सोडा, राख यांनी डाग आणि चिकटा जातो. सगळे जंतू मात्र मरत नाहीत. रोजच्या ओट्यासाठी आणि भांड्यांसाठी साबण व गरम पाणी पुरेसे असते. संडास किंवा आजारी माणसाची खोली निर्जंतुक करायची असेल, तर ब्लीचिंग पावडर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात आणि एकटीच वापरावी.

थोडक्यात, पांढऱ्या थराला आंबट, चिकट थराला सोडा, शहाबादीला फक्त साबण आणि ब्लीचसोबत काहीच नाही.