साठेखत आणि खरेदीखत

साठेखत म्हणजे घर ठरलेल्या अटींवर पुढे विकण्याचा करार. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार नुसत्या साठेखताने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. महाराष्ट्रात साठेखतावरच मुद्रांक शुल्क भरून नोंदणी होते, अनेकदा ताबाही मिळतो. मग उरले काय, असा आक्षेप घेतला जातो. तो समजण्यासारखा आहे, पण टिकत नाही: मुद्रांक शुल्क हा शासनाचा महसूल आहे, मालकीचा पुरावा नव्हे, आणि याच अधिनियमाचे कलम 53क ताबा राखण्यापुरतेच संरक्षण देते. साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. साठेखत निरुपयोगी मात्र मुळीच नाही. विक्रेत्याने शब्द फिरवल्यास त्याच्याच आधारे करारपूर्तीचा दावा लावता येतो. असा दावा लावण्याची मुदत 3 वर्षांची आहे.