योगशास्त्रांतील सत्यव्रत

जें घडलें तें जसेंच्या तसें सांगणें म्हणजे सत्य, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. योगशास्त्रांत मात्र या शब्दाचा अर्थ याहून पुष्कळच कठोर आहे. पतंजलीनें योगसूत्रांच्या दुसऱ्या पादांत पांच यम सांगितले. त्यांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येतें. जाति, देश, काल व प्रसंग यांपैकीं कशानेंहि खंडित न होणारें तें महाव्रत, असें त्यानें लगेच पुढच्या सूत्रांत बजाविलें आहे.

या व्रताचें नेमकें स्वरूप व्यासभाष्यानें उलगडलें. वाणी व मन हीं दोन्ही वस्तुस्थितीशीं जुळलीं पाहिजेत. शिवाय आपलें ज्ञान दुसऱ्याच्या मनांत उतरविण्यासाठींच आपण बोलतों, म्हणून तें बोलणें फसवें, भ्रांत किंवा निरर्थक असतां कामा नये. म्हणजे सत्याची कसोटी केवळ शब्दांत नसून ऐकणाराच्या मनांत जी समजूत उत्पन्न होते तींतहि आहे. टीकाकार वाचस्पति मिश्रानें येथें उदाहरण घेतलें तें धर्मराजाचें. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता हें खरें. पण आपला पुत्र मेला असें द्रोणाचार्यांस वाटावें, हाच त्या उत्तराचा हेतु होता. अक्षर खरें, समजूत खोटी!

भाष्यांत आणखी एक अट आहे. जें बोलणें प्राण्यांच्या घातास कारण होतें, तें सत्यासारखें दिसलें तरी पापच होय. मग परहितासाठीं खोटें बोलण्यास मुभा आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. भाष्यकार घातक सत्याचा निषेध करतात, हितकर असत्याचें विधान करीत नाहींत. मध्यें मौनाची वाट उरते. ती वाटहि बंद झाल्यास काय, हा प्रश्न कर्णपर्वांतील कौशिकाच्या कथेंत येतो. चोरांना खरी वाट सांगून कौशिक नरकास गेला. अशा प्रसंगीं श्रीकृष्ण असत्यास संमति देतात. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत या अपवादांचा ऊहापोह केला. गांधीजींनीं १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत सत्यास सर्व व्रतांत पहिलें स्थान दिलें.

दोन्ही पक्ष थोरांचे आहेत. परंतु कौशिकासमोर चोर उभे होते. आपल्यासमोर बहुधा आपली अडचणच उभी असते. आम्ही शिक्षकच पाहा. न येणाऱ्या प्रश्नाला ‘तो भाग अभ्यासक्रमांत नाहीं’ असें उत्तर आम्ही देतों, तेव्हां विधान खरें असतें. आम्हांस उत्तर ठाऊक आहे, ही विद्यार्थ्याची समजूत मात्र खोटी असते. भाष्यकारांच्या कसोटीनें तें असत्यच ठरतें.