हंगामी माणसाचे आरोग्य

माळशिरस तालुक्यातील आमचे श्रीपूर साखर कारखान्याभोवती वाढले. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली, तेव्हापासून येथील माणसाचे वर्ष दोन भागांत मोजले जाते : गाळप आणि बेकारी. ‘हंगामी’ हा शब्द आमच्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की त्यात काही अन्याय असेल असे मलाही पुष्कळ वर्षे वाटले नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा मी युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश उशाशी घेऊन वाचला.

आरोग्य हा माणसाचा हक्क आहे, हे जगाने लेखी मान्य केले त्याला फार काळ लोटलेला नाही. त्यापूर्वी आजाऱ्याला मिळे ती दया. 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच साथीत, त्याच वर्षी गेले. या सेवेपुढे मान लवते. पण सेवा करणारा नसेल त्या गावी रोग्याने काय करावे? दया मागावी लागते आणि हक्क वसूल करता येतो, हा भेद युनियनवाल्याला शिकवावा लागत नाही.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हाच भेद नेमका धरला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमावर मालक नफा मिळवतो, तेव्हा त्याचीही सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 साली तो कायदा झाला.

मग आले 1948 साल. 7 एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क, असे तिच्या प्रास्ताविकात आहे. 10 डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, त्याच्या पंचविसाव्या कलमात औषधोपचार आणि आजारपणातील सुरक्षितता आली. या दोहोंच्या मध्ये, 19 एप्रिलला, आपल्या देशात कामगार राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला दवाखाना आणि रजेचे पैसे! परंतु पहिल्याच कलमात तो हंगामी कारखान्यांना लागू नाही असे म्हटले आहे, आणि त्यांच्या यादीत चहा, कॉफी, नीळ यांच्याबरोबर साखर बसली आहे, गुळासकट. गंमत अशी की त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांमध्ये बगॅसच्या धुळीने फुप्फुसाला होणारा रोग नोंदलेला आहे. रोग ठाऊक होता. रोगी वगळला.

फडातल्या माणसांपर्यंत तर हा प्रश्न पोहोचतच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची उचल एक. कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसे. दुखण्याने एक दिवस बुडाला की खाडा कापला जातो. 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोडणी बायांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आमच्या भागातल्या कोप्यांतून उतरणारी पुष्कळ माणसे त्याच जिल्ह्याची.

न्यायालयाने मात्र एक दार उघडले, आणि ते एका शेतमजुरांच्या संघटनेने ठोठावले होते. 1992 च्या जुलैत बंगालमधला एक शेतमजूर आगगाडीतून पडला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून परतवला. अखेर खाजगी उपचाराला सुमारे 17,000 रुपये लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निर्णय दिला : वेळेवर उपचार न देणे म्हणजे एकविसाव्या कलमातील जीविताचा हक्क मोडणे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. आदल्या वर्षी अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य याच कलमाखाली घेतले गेले होते.

हे निकाल घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. आमचा एक भट्टीवाला खोकून खोकून खंगला होता. कारकून भला माणूस, त्याने चहा मागवला, कायद्याचे पुस्तक माझ्यापुढे सरकवले आणि ‘हंगामी’वर बोट ठेवले. “साहेब, खोकला बारमाही आहे,” एवढेच मला सुचले. 2020 साली संसदेने जुने कायदे मोडून सामाजिक सुरक्षा संहिता केली. ती हाती आल्यावर मी आधी विम्याचे प्रकरण उघडले. हंगामी कारखाना तेथेही वगळलेलाच होता.