एकच कऱ्हाड, तीन रूपे

मिरज जंक्शनात एके काळी तीन मापांचे रूळ होते. १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, एक मीटरचा मीटरगेज आणि लातूरकडे जाणारा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. माल तोच, पण डबा पुढच्या रुळावर जाईना. मग हमाल पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत. आज तिथे सगळे ब्रॉडगेज आहे. संगणकाच्या जगात मात्र हा खोळंबा अजून आहे. मला तो एका गावाच्या नावामुळे कळला.

माझी खाला कऱ्हाडची. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी टिपून घेतल्या आणि साताऱ्याच्या घरी संगणकावर 'कऱ्हाड' नावाच्या फाइलीत ठेवल्या. खाला गेली. सांगलीच्या भाच्याने माझे सारे लेखन एका जागी लावणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. माझ्या विंडोजवर तो चालला; त्याच्या घरच्या लिनक्सवर 'फाइल सापडत नाही' असे उत्तर आले.

पहिला दोष वाटेचा होता. फाइल कुठल्या कप्प्यात आहे हे सांगताना मध्ये तिरकी रेघ देतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आदींनी १९६९ पासून युनिक्स घडवले. त्यात ही रेघ '/' अशी ठरली. लिनक्सने तीच चाल घेतली. १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये कप्पेच नव्हते आणि '/' हे चिन्ह आज्ञेला जादा सूचना जोडायला वापरले जाई. १९८३ मध्ये कप्पे आले तेव्हा ती जागा अडलेली, म्हणून उलटी रेघ '\' घेतली. विंडोजने तोच वारसा चालवला. लिनक्सला उलटी रेघ हे नावातले एक साधे अक्षर वाटते, त्यामुळे कप्पा आणि फाइल मिळून त्याला एकच लांबलचक नाव दिसले. उपाय सोपा आहे. रेघ हाताने लिहायची नाही, वाट जोडण्याचे काम भाषेवर सोपवायचे. पायथनमध्ये २०१४ पासून त्यासाठी पाथलिब आहे.

भाच्याने तसे केले. फाइलींची यादीही स्वतःच्या कीबोर्डवर नव्याने टाइप केली. तरी 'कऱ्हाड' सापडेना, आणि फाइल तर डोळ्यांसमोर!

"मामू, तुम्ही 'ऱ' कसा टाइप करता?"

"बोटांनी!" मी म्हणालो.

पण प्रश्न खरा होता. उर्दूत एका नुक्त्याने अक्षर बदलते, हे मी लहानपणापासून जाणतो. मराठी 'ऱ'च्या पोटातही नुक्ताच आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा फोडून. तिसरी रीत म्हणजे 'र', हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. तिन्हींनी 'कऱ्हाड' डोळ्यांना सारखेच दिसते. यंत्राला ती तीन गावे. मॅकवरची १९९८ सालची फाइल-व्यवस्था अशी अक्षरे फोडून साठवत असे. २०१७ साली आलेली नवी व्यवस्था नाव दिले तसे ठेवते.

लांबीचेही तसेच. लिनक्सवर फाइलीच्या नावाला सहसा २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. विंडोजवर २५५ चिन्हे मावतात. कवितेची पहिली ओळ नाव म्हणून देणाऱ्या आम्हा कवींनी हे ध्यानात ठेवावे.

नावे ताडून पाहण्याआधी दोन्ही एका रूपात आणावीत, हा रूढ उपाय. युनिकोडच्या नियमांनी पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे होत नाही. ते जुळवणारी ओळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वेगळी घालावी लागते, आणि कऱ्हाड, शेतकऱ्याचा, वाऱ्याचा 'ऱ' ज्याला माहीत नाही, त्याला ती सुचणार कशी? ती आपल्यालाच लिहावी लागेल.

भाच्याने ती लिहिली आणि फाइल उघडली. खालाची पहिली ओवी कृष्णा-कोयनेच्या संगमावरची होती.