अंगणवाडी हे नाव कुठून आलं?

एखाद्या अ‍ॅपमध्ये नवीन बटण येतं आणि त्याचं नाव वाचून आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही, असं होतं ना? कारण ते नाव ऑफिसात बसून ठरलेलं असतं. हल्ली शहाण्या कंपन्या आधी युजर रिसर्च करतात. माणसं ते काम कसं करतात, त्याला काय म्हणतात, हे बघतात आणि मग नाव ठेवतात. आज याचीच एक जुनी गोष्ट. आपल्या डहाणूची.

१९४५ साल. तलासरीकडे झरी गावात वारल्यांची सभा झाली, वेठबिगारीविरुद्ध उठाव पेटला. त्याच वर्षी जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडक आल्या, वय त्रेपन्न. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी काम केलं होतं. तिथल्या शाळेचं नाव होतं बालमंदिर. बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबतीला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. कैनाडवाल्यांना टेकडी वेगळी सांगायला नको.

तर, बालवाडी उघडली म्हणून पाड्यावरची पोरं लगेच थोडीच येणार! का येत नाहीत, ते बघायला बाई पाड्यावर गेल्या. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं, आणि शिकलेल्या माणसाची भीती तर होतीच. सावकार आणि जमीनदाराचा माणूस, दोघंही शिकलेलेच असायचे की!

मग शाळाच उठून पोरांकडे गेली. झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात बालवाडी भरायला लागली. अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात वर्ग भरला, त्याचं नाव कुरणशाळा. तान्ह्या भावंडांसाठी पाळणाघर. नावात नुसती जागा आहे, आणि ऐकल्याबरोबर कळतं कुठं जायचं. मला तर 'वाडी'सुद्धा फार आवडतं. चिकूच्या वाड्यांच्या या पट्ट्यात तो शब्द कुणाला परका वाटणार?

आता खरं सांगायचं तर ताराबाईंनी नावासाठी काही सर्व्हे घेतला नव्हता. त्या शोधत होत्या पोरं न येण्याचं कारण. नाव त्यातून निघालं, आणि माझ्या मते म्हणूनच ते टिकलं.

टिकलं किती? २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली. एवढं लांबलचक सरकारी नाव कोण घेतं? गावोगावच्या केंद्राला अंगणवाडी म्हणतात, आणि आज देशभरात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या. त्यांनी हे पाहिलंच नाही.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! २०२१ मध्ये याच अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर नावाचं अ‍ॅप आलं. महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करत आंदोलन केलं. फोन चालत नाहीत ही एक तक्रार होती. दुसरी अशी की अ‍ॅप इंग्रजीत आहे, आम्हाला मराठीत द्या.