सॉफ्टवेअर चाचणी : सिद्धता आणि शोध यांचा वाद

सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाची अशी समजूत असते की, प्रोग्रॅम बिनचूक असल्याची ग्वाही देणे हेच चाचणीचे कार्य होय. या समजुतीला १९६९ सालीच धक्का बसला. नाटोच्या रोम येथील परिषदेत डाइक्स्ट्रा यांनी चाचणीने दोष आहेत एवढेच दाखविता येते, ते नाहीत असे नव्हे, हे स्पष्ट केले. त्याच वर्षी होअर यांनी प्रोग्रॅमची शुद्धता प्रमेयासारखी सिद्ध करण्याचा तर्कशास्त्रीय पाया मांडला.

या विचारावर १९७९ साली डी मिलो, लिप्टन व पर्लिस यांनी कठोर टीका केली. गणितातील सिद्धता अनेक जण वाचतात, तपासतात म्हणून ती विश्वसनीय ठरते. प्रोग्रॅमची लांबलचक, कंटाळवाणी सिद्धता वाचणार कोण, असा त्यांचा सवाल होता.

त्याच वर्षी मायर्स यांचा चाचणीकलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. चाचणी म्हणजे दोष शोधण्याच्या हेतूने प्रोग्रॅम चालविणे, ही त्यांची व्याख्या. ग्रंथारंभी ते वाचकाचीच परीक्षा घेतात. तीन पूर्णांक घेऊन त्रिकोण विषमभुज, समद्विभुज की समभुज हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमसाठी चाचण्या लिहावयाच्या. अनुभवी प्रोग्रॅमरही १४ पैकी सरासरी ७.८ गुणच मिळवितात, असे ते नमूद करतात. १, २, ३ या बाजूंचा त्रिकोण होतच नाही, हे सहजासहजी सुचत नाही!

दि. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियन-४ मध्ये सुरळीत चाललेला प्रोग्रॅम त्यात वापरला होता. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. नव्या उड्डाणमार्गानुसार तिची चाचणी झालेली नव्हती. सिद्धतावाद्यांना येथे आपली बाजू खरी ठरल्यासारखी वाटेल. तथापि जुन्याच गृहीतकांवर केलेली सिद्धताही तितकीच निरुपयोगी ठरली असती. विशेष म्हणजे, सिद्धतेवाचून सॉफ्टवेअर इतके विश्वसनीय कसे झाले, असा प्रश्न त्याच वर्षी खुद्द होअर यांनी उपस्थित केला.

पुढे वादाचे स्वरूप बदलले. २०१३ साली आयएसओ २९११९ या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले भाग निघाले. समान परिभाषेचा लाभ उघड होता. परंतु परीक्षकाच्या विवेकाऐवजी कागदपत्रांना महत्त्व येईल, या भीतीने २०१४ साली अनेक व्यावसायिकांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम चालविली. मानक मागे घेतले गेले नाही. २०२१-२२ मध्ये त्याच्या पहिल्या चार भागांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.